आजारी लेंकरूं आणि डॉक्टरांचा नंबर

प्रपंचांत कसोटीचे जे प्रसंग येतात, त्यांत तान्ह्या मुलाच्या आजारपणाची बरोबरी करील असा दुसरा प्रसंग क्वचितच असेल. मोठ्या माणसास काय होतें तें त्यास सांगतां येतें. कोठें दुखतें, केव्हांपासून दुखतें, हें त्यास विचारतां येतें. तान्हें मूल केवळ रडतें. आणि तें रडावयाचें थांबलें, तर घरच्यांच्या जिवाचा अधिकच थरकांप होतो. अशा वेळीं घरांतील लहानथोरांच्या मनांत एकच इच्छा असते, ती ही कीं, डॉक्टरांची भेट लवकर व्हावी. नेमकी तीच गोष्ट आज फार कठीण होऊन बसली आहे.

शहरांत राहणाऱ्या वाचकांस या अडचणीचें वर्णन करून सांगण्याची गरज नाहीं. उजाडतांच दवाखान्याच्या पायरीवर जाऊन वहींत नांव घालावयाचें. किंवा ठरलेल्या वेळीं टेलिफोन करावयाचा, आणि तो लागेपर्यंत 'आजचे नंबर संपले' हें उत्तर ऐकावयाचें. बालरोगतज्ज्ञ रविवारीं भेटत नाहींत, सणावारीं भेटत नाहींत, रात्रीं तर बहुधा नाहींतच. मुलांच्या आजारास मात्र पंचांग ठाऊक नसतें. लहान गांवीं हे तज्ज्ञ आठवड्यांतून एखादा दिवस येतात, आणि त्या दिवशीं साऱ्या पंचक्रोशींतील मुलें एका ओसरीवर गोळा होतात. कडेवर तापलेलें मूल घेऊन तास दोन तास तिष्ठत असलेल्या आयांच्या मुद्रा ज्यानें पाहिल्या आहेत, त्यास या विषयाचें महत्त्व निराळें पटवून द्यावयास नको.

गेल्या पावसाळ्यांतील आमच्या घरचीच गोष्ट येथें थोडक्यांत सांगतों. आठ महिन्यांच्या नातवास दोन दिवस सर्दी व ताप होता. तिसऱ्या दिवशीं दुपारीं त्यास धाप लागली व त्यानें दूध पिणें सोडलें. सूनबाईंनीं एका दवाखान्यांत टेलिफोन केला. तेथें मेजावर बसलेल्या तरुणानें मोठ्या सौजन्यानें चार प्रश्न विचारले : मुलाचें नांव काय, वय काय, पूर्वींचा कागद आहे कीं नवा करावयाचा, आणि फी रोख देणार कीं मोबाइलवरून. नंतर त्यानें दुसऱ्या दिवशींचा सत्ताविसावा नंबर दिला. मूल दूध पितें कीं नाहीं, त्याचा श्वास कसा चालला आहे, हें त्यानें विचारलें नाहीं; कारण तें विचारावयाचें असतें हें त्यास कोणीं शिकविलेंच नव्हतें. त्याच सायंकाळीं दुसरीकडे उपचार सुरू झाले व मूल बरें झालें. त्या तरुणावर आमचा राग नाहीं. परंतु त्याच्या चार प्रश्नांनीं आम्हांस पुष्कळ विचार करावयास लाविलें, आणि त्या विचाराचें फळ वाचकांपुढें ठेवावें म्हणून हा लेख लिहीत आहों.

नंबराची पद्धति मूळची न्यायाची आहे. जो आधीं आला त्याचें काम आधीं व्हावें, यांत रावरंकाचा भेद नाहीं. रेल्वेच्या तिकिटाच्या खिडकीशीं किंवा रेशनच्या दुकानीं हीच पद्धति योग्य होय. कारण तेथें उभ्या असलेल्या सर्वांची गरज सारख्याच प्रकारची असते. दवाखान्याच्या ओसरीवर तसें नसतें. पहिल्या नंबराच्या मुलास साधें पडसें झालेलें असावें, आणि सत्ताविसाव्या नंबराच्या मुलास फुप्फुसदाह झालेला असावा, हें सहज घडतें. अशा वेळीं नंबर हा केवळ कोण आधीं आलें याचा हिशेब ठेवतो; कोण अधिक आजारी आहे याचा ठेवीत नाहीं. आमच्या मतें या साऱ्या त्राग्याचें मूळ येथें आहे. डॉक्टर थोडे आहेत हें खरें. पण जे आहेत त्यांच्यापर्यंत कोणाला आधीं पोंचवावयाचें, हें ठरविणारें कोणी दारांत नसतें, ही त्याहून मोठी उणीव आहे. ही उणीव कशी भरून काढतां येते, याचा धडा मोठ्या शहरांनीं नव्हे, तर आमच्या या जंगली मुलखानें साऱ्या जगास घालून दिला आहे.

जुन्या चांदा जिल्ह्याचे, म्हणजे पुढें ज्यास चंद्रपूर हें नांव मिळालें त्याचे, २६ ऑगस्ट १९८२ रोजीं दोन भाग होऊन पूर्वेकडील गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याचें क्षेत्रफळ चौदा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. पण १९११ नव्हे, २०११ च्या शिरगणतींतही त्याची लोकसंख्या अवघी पावणेअकरा लाखांच्या आंत होती. बहुतेक भूमि अरण्यानें व्यापलेली. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती या मोठ्या नद्या, आणि त्यांस मिळणारे असंख्य नाले. सरकारी नियमाप्रमाणें आदिवासी व डोंगराळ भागांत तीन हजार वस्तीस एक उपकेंद्र व वीस हजार वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावें लागतें; सपाट प्रदेशांत हेंच प्रमाण पांच हजार व तीस हजार असें आहे. कागदावर ही सवलत मोठी दिसते. परंतु जेथें वीस-वीस घरांचीं गांवें रानांत विखुरलेलीं असतात, तेथें वीस हजार माणसें मोजावयाचीं म्हणजे किती कोस तुडवावे लागतात याचा विचार करावा. पर्लकोटेस पूर आला कीं भामरागडचा मार्ग बंद पडतो. आणि आजाऱ्यास खाटेवर घालून चार माणसांनीं खांद्यावरून आणावें, नाला आडवा आला तर डोंग्यांतून पलीकडे न्यावें, ही गोष्ट या भागांत अजूनही घडते. शहरांतील आईचा नंबर सत्ताविसावा असतो. येथील आईला नंबरच नसतो.

याच भामरागड तालुक्यांत हेमलकसा येथें बाबा आमटे यांनीं २३ डिसेंबर १९७३ रोजीं लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे या दांपत्यानें तेथें झाडाखालीं बसून रोगी तपासण्यास आरंभ केला. ही कथा महाराष्ट्रांत सर्वविदित आहे, म्हणून तिचा विस्तार करीत नाहीं. डॉक्टरानें रोग्याकडे जावें, हा त्या कार्याचा बोध. त्याचें मोल अपार आहे. तथापि असे डॉक्टर गांवोगांव निर्माण होतील, ही अपेक्षा करणें व्यवहाराचें नव्हे. मग ज्या गांवीं डॉक्टर जाणार नाहीं व ज्या गांवांतून मूल डॉक्टरांकडे येणार नाहीं, त्या गांवानें काय करावें ? हा प्रश्न दुसऱ्या एका डॉक्टर दांपत्यानें हातीं घेतला.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग हे १९८६ सालीं गडचिरोलीस येऊन राहिले व त्यांनीं 'सर्च' या संस्थेच्या द्वारें काम आरंभिलें. त्यांची कार्यपद्धति आम्हांस विशेष आवडते ती यासाठीं कीं, त्यांनीं आधीं मोजलें व मग बोलले. १९९५-९६ या एका वर्षांत त्यांनीं एकुणचाळीस गांवांतील ७६३ नवजात बालकांची जन्मापासून अठ्ठावीस दिवसपर्यंत घरीं जाऊन पाहणी करविली. शंभरांपैकीं पंचाण्णव बाळंतपणें घरींच झालेलीं होतीं. या बालकांपैकीं शेंकडा चौपन्न बालकांस वैद्यकीय मदत मिळावयास हवी होती, अशीं लक्षणें दिसून आलीं. प्रत्यक्ष डॉक्टरांची नजर किती बालकांवर पडली ? शेंकडा २.६. म्हणजे ज्यांस गरज होती अशा दर वीस मुलांमागें एकासच वैद्यकीय मदत मिळाली असें धरावें लागतें. शहरांत आम्ही एक दिवस उशीर झाला म्हणून हळहळतों. या आंकड्यांत उशीर हा शब्दच लागू पडत नाहीं.

या पाहणीच्या कांहीं वर्षें आधींच त्यांनीं फुप्फुसदाहाचा, म्हणजे न्यूमोनियाचा, प्रश्न सोडविण्याचा यत्न केला होता. आमच्या विदर्भांत आयाबाया या आजारास 'डब्बा' म्हणतात. मुलाच्या बरगड्या उडतात, नाकपुड्या फुलतात, हें त्यांस पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. प्रश्न एवढाच होता कीं, साधी सर्दी कोणती व प्राणावर बेतणारा न्यूमोनिया कोणता, हें छातीला नळी न लावतां ओळखावयाचें कसें ? याचें उत्तर श्वासाच्या गतींत आहे. स्वस्थ असलेल्या मुलाचे श्वास एक मिनिटभर मोजावे. दोन महिन्यांच्या आंतील बालकाचे ते साठ किंवा अधिक भरले, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या मुलाचे पन्नास किंवा अधिक भरले, आणि एक ते पांच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा अधिक भरले, तर तो श्वास जलद समजावा. हें माप जागतिक आरोग्य संघटनेनेंही मान्य केलेलें आहे.

परंतु खेड्यांतील दाईला घड्याळ समजत नाहीं व पन्नासपर्यंत अंक मोजतां येत नाहींत, त्याचें काय ? येथें या मंडळींनीं जी युक्ति योजिली, ती शिक्षकाच्या पेशांत जन्म घालविलेल्या आमच्यासारख्यास विशेष कौतुकाची वाटते. त्यांनीं लांकडी पाटीवर मणी ओंवले व जवळ एका मिनिटाची वाळूची घडी ठेवली. दाईनें दहापर्यंत मोजावयाचें आणि दर दहा श्वासांमागें एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीं जर तांबडा मणी सरकला, तर तो न्यूमोनिया. पहिलींतील मुलांना ज्या मणिपाटीवर आम्ही बेरीज शिकविली, तिच्याच बहिणीनें येथें प्राण वांचविण्याचें काम केलें. ज्या बाईस अक्षरओळख नाहीं तिला रोग ओळखतां येत नाहीं, हा आम्हां शिकलेल्या लोकांचा समज त्या लहानशा पाटीनें खोटा ठरविला.

शंभरावर गांवांत केलेल्या या प्रयोगाचा वृत्तांत १९९० सालीं 'लॅन्सेट' या जगन्मान्य वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाला. ज्या गांवांत दाया, गांवचे आरोग्यसेवक व इतर कार्यकर्ते यांस न्यूमोनिया ओळखण्याचें व त्यावर पोटांत घ्यावयाचें औषध देण्याचें शिक्षण दिलें होतें, तेथें न्यूमोनियानें होणारे बालमृत्यु इतर गांवांच्या मानानें शेंकडा चौपन्न इतके कमी भरले. पुढें १९९५ पासून नवजात बालकांकडे लक्ष वळविण्यांत आलें. पांचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या गांवांतल्याच स्त्रियांस बाळ कसें ऊबदार ठेवावें, तोलावें कसें, जंतुदोष झाल्याचीं लक्षणें कोणतीं, हें शिकवून त्यांस घरोघर पाठविलें. आणि आईबापांची संमति घेऊन जंतुदोष झालेल्या बालकास सुई टोंचण्याचेंही काम त्यांस दिलें. कांहीं वैद्यकीय मंडळींस हें धाडसाचें वाटलें असल्यास नवल नाहीं. परंतु फळ पाहावें : त्या गांवांत पूर्वीं दर हजारी बासष्ट नवजात बालकें महिन्याच्या आंत दगावत असत; तिसऱ्या वर्षीं ती संख्या पंचविसांच्या घरांत आली. ज्या शेजारच्या गांवांत ही योजना नव्हती, तेथें ती साठांच्या आसपासच राहिली. हा वृत्तांतही १९९९ सालीं त्याच पत्रांत आला. जगांतील दोन मोठ्या संस्थांनीं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनीं, नवजात बालकांच्या घरीं जाऊन त्यांची काळजी घ्यावी अशी शिफारस २००९ सालीं केली. आणि २०११ सालीं भारत सरकारनें हें काम देशभरच्या 'आशा' कार्यकर्त्यांकडे सोंपविलें.

या साऱ्या हकीकतींतून जो मुद्दा निघतो तो असा. मूल आजारी पडलें असतां दोन निरनिराळीं कामें असतात. आजार गंभीर आहे कीं साधा आहे, हें ओळखणें हें पहिलें. आणि त्यावर पूर्ण उपचार करणें हें दुसरें. दुसऱ्या कामास डॉक्टर पाहिजेच. पहिलें काम मात्र नीट शिकविलेल्या कोणाही शहाण्या माणसास करतां येतें, आणि तें घरांत, अंगणांत, दवाखान्याच्या दारांत झालें पाहिजे. आम्ही हीं दोन्ही कामें डॉक्टरांच्याच खोलींत कोंडून ठेविलीं आहेत. त्यामुळें गंभीर आणि साधें यांचा निवाडा होण्याकरितां प्रत्येक मुलास त्या खोलीपर्यंत जावें लागतें, आणि खोलीचें दार अरुंद असतें.

हा विचार आमच्या परंपरेस परका नाहीं. बालरोगांवरील 'काश्यपसंहिता' हा प्राचीन ग्रंथ नेपाळचे राजगुरु पंडित हेमराज शर्मा यांच्या संग्रहांत खंडित स्वरूपांत उपलब्ध झाला व १९३८ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांतून प्रसिद्ध झाला. त्यांत 'वेदनाध्याय' नांवाचा एक अध्याय आहे. बोलूं न शकणाऱ्या बालकास कोठें दुखतें हें त्याच्या हालचालींवरून कसें ओळखावें, एवढाच त्याचा विषय. डोकें दुखत असल्यास बालक डोकें हालवितें व डोळे मिटतें, कान दुखत असल्यास हातांनीं कान चांचपतें, अशा प्रकारचीं लक्षणें तेथें क्रमानें दिलीं आहेत. आजच्या वैद्यकाच्या कसोटीस त्यांतील सर्व उतरेल असें आमचें म्हणणें नाहीं. मुलाकडे नुसतें पाहूनही पुष्कळ कळतें, आणि पाहण्याचें शास्त्र असतें, हा त्याचा दृष्टिकोन मात्र अगदीं खरा आहे.

परदेशांतही याचा अनुभव आलेला आहे. नेपोलियनच्या सैन्यांतील शस्त्रवैद्य लारे यानें रणांगणावरील जखमींचा क्रम हुद्द्यावरून न लावतां जखमेवरून लावला, हें इतिहासांत प्रसिद्ध आहे. तेंच तत्त्व मुलांच्या दवाखान्यास लावून जागतिक आरोग्य संघटनेनें दारांतच मुलांचे तीन वर्ग करण्याची पद्धति बसविली : तत्काळ उपचार हवे अशीं, लवकर तपासावीं अशीं, आणि थांबूं शकतील अशीं. विशेष म्हणजे, हें ओळखण्याचें प्राथमिक शिक्षण दारावरील पहारेकरी, कागद करणारा कारकून व झाडलोट करणारा नोकर यांसही द्यावें, असें त्या पद्धतींत स्पष्ट सांगितलें आहे; कारण आजारी मूल प्रथम त्यांच्याच दृष्टीस पडतें. आफ्रिकेंतील मलावी या गरीब देशांत ब्लांटायर येथील मोठ्या सरकारी रुग्णालयानें या धर्तीवर आपल्या बाह्यरुग्ण विभागाची फेरमांडणी केली. तेथें दाखल होणाऱ्या मुलांपैकीं पूर्वीं शेंकडा दहा ते अठरा मुलें दगावत. नंतर तें प्रमाण सहा ते आठांवर आलें, असें २००६ सालीं प्रसिद्ध झालें. जें सुधारलें त्यांतील बराचसा भाग म्हणजे मुलांस पाहण्याचा क्रम होय.

येथें कोणी अशी शंका घेईल कीं, 'शहरांतल्या मुलांस तज्ज्ञ डॉक्टर, आणि रानांतल्या मुलांस चार इयत्ता शिकलेली बाई. हा न्याय कोणता?' शंका रास्त आहे. आशा कार्यकर्ती ही डॉक्टरांच्या ऐवजीं नव्हे, हें शासनानें व आम्ही सर्वांनीं ध्यानांत ठेविलें पाहिजे. तिनें धोका ओळखला, आणि पुढें न्यावयास गाडी नाहीं, गाडी मिळाली तर केंद्रांत डॉक्टर नाहीं, असें झालें तर तिचें ज्ञान केवळ दुःख वाढविणारें ठरेल. चंद्रपूरला २०१५ सालीं आणि गडचिरोलीला २०२४ सालीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें, ही आनंदाची गोष्ट होय. त्यांतून शिकून निघणारे डॉक्टर एटापल्ली, भामरागड, सिरोंचा, जिवती या बाजूंस टिकून राहतील अशी व्यवस्था झाली, तरच त्या आनंदास अर्थ येईल. परंतु उलट बाजूही तितकीच खरी आहे. डॉक्टर कितीही वाढले, तरी मध्यरात्रीं मुलाच्या उशाशीं आईच असणार. तिला धोका ओळखतां आला पाहिजे.

म्हणून प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें पुढील गोष्टी माहीत करून घ्याव्या, अशी आमची विनंति आहे. मूल दूध किंवा पाणी घेईनासें झालें. पोटांत गेलेलें सर्वच ओकूं लागलें. त्यास आंचके आले. तें निपचित पडून राहिलें व हांकेस ओ देईनासें झालें. श्वास घेतांना छातीचा खालचा भाग आंत ओढला जाऊं लागला. तर नंबराची वाट पाहावयाची नाहीं. त्यास तसेंच उचलून जवळच्या मोठ्या रुग्णालयांत न्यावें, किंवा १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दोन महिन्यांच्या आंतील बालकास ताप आला, किंवा त्याचें अंग गार पडलें, किंवा त्याचें रडणें क्षीण झालें, तर तेंही तांतडीचेंच समजावें. वर दिलेल्या मापाप्रमाणें श्वास जलद भरले, तर त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें. श्वास मोजतांना मूल शांत असावें, रडत किंवा पीत असूं नये. अंगावरचें वस्त्र वर करून पोटाची हालचाल पाहावी व पूर्ण एक मिनिट मोजावें. एकत्र कुटुंबांत चार माणसें असतात. त्यांतील दोघांतिघांनीं तरी निरोगी मुलावर हें मोजण्याचा सराव करून ठेवावा. आजोबांस याहून चांगलें काम दुसरें सांपडणार नाहीं.

या ज्ञानाचा आणखी एक उपयोग आहे. 'मुलाला बरें नाहीं' असें टेलिफोनवर सांगणाऱ्यास नंबर मिळतो. 'मूल आठ महिन्यांचें आहे, श्वास मिनिटास अठ्ठावन्न आहेत, सकाळपासून दूध घेत नाहीं', असें सांगणाऱ्यास बहुधा दार उघडतें. कारण हें वाक्य डॉक्टरांच्या कानीं गेलें तर त्यांस बसवणार नाहीं. त्याचप्रमाणें ज्या मुलाचें नाक वाहतें आहे, पण तें खेळतें, पितें व ज्याचा श्वास संथ आहे, त्यास घेऊन पहांटे पायरीवर बसण्याचें कारण उरत नाहीं. आपण न घेतलेला एक नंबर दुसऱ्या कोणाच्या तरी अत्यवस्थ लेंकरास मिळतो.

आणि येथें एक अप्रिय गोष्ट सांगणें भाग आहे. आमच्यासारख्या घरांत बहुधा कोणी ना कोणी डॉक्टरांच्या ओळखीचें निघतें. मेहुण्याचा वर्गमित्र, शेजाऱ्याचा जांवई, जुना विद्यार्थी. एक टेलिफोन केला कीं सत्ताविसावा नंबर तिसरा होतो, आणि त्याचें कोणास कांहीं वाटत नाहीं. परंतु ओसरीवर जागा तितकीच असते. आमचें मूल पुढें सरकलें, तेव्हां धानोऱ्याहून कीं गोंडपिपरीहून पहांटेच्या एस्. टी. नें आलेल्या बाईचें मूल एक घर मागें गेलें. आणि तिची संध्याकाळची गाडी चुकली तर तिची रात्र कोठें जाते हें आम्ही विचारीत नाहीं. मूल खरोखर अत्यवस्थ असेल तर त्यास ओळखीची गरज असूं नये. नसेल तर ओळख वापरूं नये. शिकलेल्या घरांनीं एवढा नियम स्वतःपुरता पाळला, तरी पुष्कळ होईल.

डॉक्टर मंडळींसही आमचें नम्र सांगणें आहे. आपल्या मेजावर बसणाऱ्या माणसास एक दिवस खर्चून वरील पांच-सहा लक्षणें शिकवावीं व नांव विचारण्याआधीं तीं विचारावयास सांगावें. दर दिवशीं दोन-चार जागा तांतडीच्या मुलांसाठीं मोकळ्या ठेवाव्या. रविवारीं गांवांतील सर्व बालरोगतज्ज्ञांनीं पाळी लावून घ्यावी व ती पाळी दारावर लिहून ठेवावी. यांस पैसा लागत नाहीं.

शेवटीं आशा कार्यकर्तीविषयीं एक शब्द. घरीं बाळ जन्मल्यानंतर, प्रसूति रुग्णालयांत झाली असल्यास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीं तिनें येऊन बाळास पाहावयाचें असतें. झोंपडींत तिचें स्वागत होतें. पण चांगल्या चिरेबंदी घरांत 'आमचे डॉक्टर आहेत, आम्हांस गरज नाहीं' असें म्हणून तिला पुष्कळदां फाटकांतूनच परत लावितात. हें बरें नव्हे. ती ज्या विद्येची वारस आहे, ती विद्या याच अरण्यांत निपजली व जगानें मानली. ती आली म्हणजे तिला घरांत बोलवावें, बसावयास पाट द्यावा, बाळास तिच्या तराजूंत तोलूं द्यावें. आणि ती काय पाहते, कसें मोजते, हें बाळाच्या आईनें व आजीनें जवळ बसून शिकून घ्यावें.